चराऊ रानाची माती तपासायची, तर गिरमिट कुठे टेकवायचे?

गाय चरता चरता थांबते, मुतते आणि पुढे जाते. मागे हातभर जागा ओली होते. जमिनीत ओल असेल तर पुढच्या काही आठवड्यांत तिथले गवत आजूबाजूपेक्षा गडद आणि लांब होते. लांबूनही तो ठिपका ओळखू येतो. त्या ठिपक्यात एका वेळी जेवढे नत्र पडते, ते हेक्टरच्या हिशेबात मांडले तर दुभत्या गायीच्या बाबतीत ५०० ते १००० किलोच्या घरात जाते. दोन पावले बाजूला, त्याच उतारावर, त्याच मातीत, त्या दिवशी नव्याने काहीही पडलेले नसते.

आता या दोन जागांपैकी कोणत्या जागी तुम्ही गिरमिट टेकवता, त्यावर तुमच्या हाती येणारा अहवाल ठरतो. चराऊ रानाच्या माती परीक्षणातली सगळी अडचण या एका ठिपक्यात सामावलेली आहे.

नांगरलेल्या शेताची गोष्ट वेगळी. तिथे वरची माती दरवर्षी उलटीपालटी होते, खत बऱ्यापैकी सारखे पसरले जाते आणि एका वेळी एकच पीक उभे असते. पंधरा-वीस ठिकाणची माती घमेल्यात एकत्र केली की शेताचे खरे चित्र बऱ्यापैकी हाती लागते. माती परीक्षणाच्या पत्रकांवर छापलेल्या बहुतेक सूचना अशा शेतांसाठीच लिहिलेल्या असतात. चराऊ रानाला नांगर लागत नाही. तिथली सुपीकता इकडून तिकडे हलवतात ती जनावरे, झुडपे, वारा आणि वाहते पाणी, आणि यांपैकी कोणीही ती सारखी वाटत नाही.

एकच नमुना चांगल्या प्रयोगशाळेने दोनदा तपासला तर उत्तरे जवळजवळ सारखी येतात. त्याच कुरणात दहा पावलांवरचे दोन नमुने मात्र एकमेकांच्या दुप्पट निघू शकतात. त्यामुळे चूक होते ती बहुधा प्रयोगशाळेत पोचण्याच्या आधीच, रानात. या लेखातही मी जास्त वेळ रानातच घालवणार आहे.

खाणे सगळीकडे, टाकणे एकीकडे

चरणारे जनावर गवतातून जेवढे नत्र पोटात घेते, त्यातले साधारण ७५ ते ९५ टक्के शेण-मुतातून परत जमिनीवर येते. दूध, मांस, लोकर यांत अडकून राहतो तो अगदी थोडा भाग. म्हणजे चराईने रानातले नत्र संपते असे सरसकट म्हणता येत नाही. त्याची जागा बदलते. स्फुरद जवळजवळ सगळे शेणातून पडते, पालाश मुख्यतः मुतातून. गाय दिवसातून आठ-दहा वेळा शेण टाकते, तेवढ्याच वेळा मुतते, आणि यातला बराच भाग ती जिथे चरते तिथे न पडता जिथे उभी राहते किंवा बसते तिथे पडतो: पाणवठ्यावर, झाडाच्या सावलीत, फाटकाजवळ, चाटण-विटेभोवती, रात्रीच्या बैठकीच्या जागी. मेंढ्यांना उंचवट्यावर रात्र काढायची सवय असेल, तर वर्षानुवर्षे उताराची सुपीकता टेकाडावर चढत राहते. पाणी माती खाली नेते आणि मेंढ्या तिच्यातले अन्न वर नेतात.

ऑस्ट्रेलियातल्या कोरड्या प्रदेशात मेंढ्यांच्या वाटा आणि लेंड्या यांचा अभ्यास करून आर. टी. लँग यांनी १९६९ साली पाणवठ्याभोवतीच्या या बदलत्या पट्ट्याला ‘पायोस्फिअर’ असे नाव दिले. पाण्याच्या अगदी जवळ जमीन तुडवून उघडी पडलेली असते आणि शेण-लेंड्यांचा थर असतो. थोडे पुढे जनावरांना न आवडणाऱ्या वनस्पती दिसतात. आणखी पुढे चांगले गवत, आणि जिथे तहानलेले जनावर सहसा पोचतच नाही तिथे जवळपास न चरलेले रान. पाणवठ्यापासून सरळ रेषेत चालत ठरावीक अंतरावर नमुने घेतले, तर स्फुरद आणि पालाश यांचे आकडे पायरीपायरीने उतरताना दिसतात.

सुपीकता गोळा करण्यात झुडपांचाही वाटा असतो. कोरड्या रानात झुडपाखाली पाला पडतो, वाऱ्याने आलेली बारीक माती अडते, सावलीत ओल टिकते, पाखरे आणि जनावरे तिथे विसावतात. झुडपांच्या मधली जमीन उघडी राहते, तिची वरची माती वाहून जाते किंवा उडून जाते. विल्यम श्लेसिंगर आणि सहकाऱ्यांनी १९९० साली अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोमधल्या होर्नादा रानाच्या अभ्यासातून दाखवले की गवताळ रानात झुडपे शिरली की सारखी पसरलेली सुपीकता तुटून तिची बेटे होतात. ‘सुपीकतेची बेटे’ हा शब्दप्रयोग या क्षेत्रात आता सगळ्यांच्या तोंडी आहे.

याचा हिशेबावर काय परिणाम होतो तो पाहा. समजा झुडपाखाली सेंद्रिय कर्ब, म्हणजे सजीवांच्या अवशेषांतून मातीत आलेला कार्बन, १.८ टक्के आहे आणि मोकळ्या जागेत ०.६ टक्के. दोन्हीकडून सारखेच नमुने घेतले आणि सरासरी काढली तर १.२ टक्के. पण झुडपांनी जमिनीचा पाचवा भागच व्यापला असेल, तर खरी सरासरी ०.८४ टक्के येते. प्रयोगशाळेने दोन्ही आकडे अचूक दिले, गणितही बरोबर केले, आणि तरी उत्तर चाळीस टक्क्यांहून जास्त फुगले. कोणत्या प्रकारची जागा रानात किती आहे हे न मोजता काढलेल्या सरासरीवर मी विश्वास ठेवत नाही.

आधी प्रश्न, मग खड्डा

‘शेण-मुताच्या जागा, पाणवठा, गुरांच्या वाटा टाळून नमुना घ्या,’ ही सूचना जवळपास प्रत्येक मार्गदर्शिकेत सापडते. ती काही वेळा बरोबर असते आणि काही वेळा साफ चुकीची.

तुम्हाला विचारायचे असेल की या रानातल्या सर्वसाधारण मातीत गवताला काय कमी पडते, तर ती सूचना पाळावी. चार ताजे ठिपके नमुन्यात आले तर पालाश आणि नत्र भरपूर दिसेल आणि कमतरता झाकली जाईल. पण प्रश्न असा असेल की या सगळ्या रानात मिळून किती कर्ब साठलेला आहे, तर टाळाटाळ करायचा अधिकारच नाही. पाणवठा, वाटा, बैठकीच्या जागा हे सगळे त्याच रानाचे भाग आहेत. ते वगळले तर मोजले जाते ते एक कल्पनेतले रान. अशा वेळी त्या जागांचा वेगळा गट करायचा, त्यांचे क्षेत्र मोजायचे, तिथून वेगळे नमुने घ्यायचे आणि शेवटी क्षेत्राच्या प्रमाणात हिशेब जोडायचा.

तिसरा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि तोच सगळ्यात अवघड आहे: चराईची पद्धत बदलल्याने मातीत फरक पडला का? इथे तुलना लागते. कुंपणाच्या अलीकडे-पलीकडे वेगवेगळी चराई चालू असेल तर तिथे तुलना करण्याचा मोह होतो, आणि ती उपयोगी असतेही. मात्र कुंपण कुठून गेले आहे ते आधी पाहायला हवे. कुंपणे पुष्कळदा ओढ्याच्या काठाने, उताराच्या तुटीवरून, मातीचा प्रकार बदलतो त्या रेषेवरून घातलेली असतात. मग दोन बाजूंतला फरक गुरांच्या आधीपासूनचाच असू शकतो. शिवाय गुरे कुंपणाला लागून चालतात, त्यामुळे कुंपणालगतचा पट्टा दोन्ही बाजूंना तुडवलेला असतो. तिथून काही अंतर आत गेलेले बरे.

आणखी एक चूक चांगल्या अहवालांतही दिसते. एका कुरणातून तीस नमुने, शेजारच्या कुरणातून तीस, आणि निष्कर्ष: ‘तीस-तीस नमुन्यांवरून सिद्ध झाले.’ खरे म्हणजे इथे चराईच्या प्रत्येक पद्धतीचे एकच उदाहरण आहे. तीस नमुन्यांनी ते एक कुरण नीट कळते, पण पद्धतीबद्दल बोलायचे तर तशी चार-सहा कुरणे हवीत. एका कुटुंबातल्या तीस जणांची उंची मोजून गावाबद्दल बोलता येत नाही, तसेच हे.

रानाचे भाग पाडणे आणि चिठ्ठ्या टाकणे

नकाशा समोर घ्यायचा आणि जमिनीचे एकसारखे भाग पाडायचे. पहिला आधार उतार. माथ्यावरची माती उथळ आणि दगडाळ, मधल्या उतारावरची धुपणारी, पायथ्याची खोल आणि बारीक, हा क्रम जगभर दिसतो. जेफ्री मिल्न यांनी १९३०च्या दशकात पूर्व आफ्रिकेत मातीचे नकाशे करताना उताराच्या या साखळीला ‘कॅटिना’ म्हटले. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ साखळीच. दुसरा आधार मातीचा पोत आणि रंग, तिसरा वनस्पती, चौथा पाण्यापासूनचे अंतर. भाग फार पाडू नयेत. चार-पाच पुरतात, त्यापुढे प्रत्येक भागाच्या वाट्याला नमुनेच उरत नाहीत.

भाग पाडून झाले की प्रत्येकातले ठिकाण डोळ्यांनी निवडायचे नाही. माणसाचा पाय आपोआप सपाट, मोकळ्या, दगड नसलेल्या जागेकडे वळतो. नकाशावर चौकोन आखून चिठ्ठ्या टाका, किंवा संगणकाकडून अक्षांश-रेखांश काढून घ्या, आणि जीपीएस जिथे नेईल तिथेच खणा. ठिकाण काटेरी झुडपात निघाले तरी तिथेच. खडकावर निघाले तर ‘खडक’ अशी नोंद करायची, कारण रानाचा तेवढा भाग खडकच आहे.

किती नमुने? याचे उत्तर माती किती चढउतार दाखवते यावर आहे. ढोबळ हिशेब असा: मातीतला चढउतार (म्हणजे आकड्यांचे प्रमाण विचलन) सरासरीच्या किती टक्के आहे तो आकडा घ्या, त्याची दुप्पट करा, तुम्हाला चालणाऱ्या चुकीच्या टक्क्यांनी भागा आणि आलेल्या संख्येचा वर्ग करा. चढउतार ३० टक्के आणि दहा टक्क्यांपर्यंतची चूक चालणार असेल, तर ६० भागिले १० म्हणजे ६, त्याचा वर्ग ३६. चढउतार ५० टक्के असेल तर तोच आकडा थेट १०० होतो. आधी दहाएक नमुने घेऊन चढउतार किती आहे ते पाहिले तर पुढचे श्रम आणि पैसा दोन्ही वाचतात.

सगळे नमुने एकत्र करून एकच मिश्र नमुना केला तर तपासणीचा खर्च कमी होतो आणि सरासरीही ठीक येते. फक्त त्या सरासरीभोवती चढउतार किती होता हे कायमचे हरवते. फरक पडला का हे पुढे कधीतरी सिद्ध करायचे असेल, तर प्रत्येक भागातून एकाच्या जागी चार-पाच वेगवेगळे मिश्र नमुने करावेत. माती घमेल्यात चांगली मिसळायची, ढिगाचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, उरलेले पुन्हा मिसळायचे, साधारण अर्धा किलो उरेपर्यंत. घमेले प्लास्टिकचे हवे. जस्ताचा मुलामा असलेल्या बादलीतून नमुन्यात जस्त उतरते.

किती खोल?

शेतात पंधरा-वीस सेंटिमीटरचा एकच नमुना चालतो, कारण नांगराने तेवढी माती मिसळलेली असते. न नांगरलेल्या रानात सगळे वरून येते: पाला, शेण, लेंड्या, मेलेली मुळे. त्यामुळे पहिल्या पाच सेंटिमीटरमध्ये आणि त्याखालच्या मातीत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. वीस सेंटिमीटरची माती एकत्र केली की हा फरक पुसला जातो, आणि चराईचा बदल आधी दिसतो तो वरच्या थरातच. म्हणून ० ते ५, ५ ते १५ आणि १५ ते ३० असे तीन थर वेगवेगळ्या पिशव्यांत घ्यावेत असे माझे मत आहे. कर्बाच्या हिशेबासाठी ३० सेंटिमीटर ही खोली जगभर धरली जाते, तिथपर्यंत तरी जायलाच हवे.

वरचा पालापाचोळा आणि ताजे शेण हलक्या हाताने बाजूला करायचे, माती खरवडायची नाही. कोरड्या रानात जमिनीवर कधी कधी काळसर, खडबडीत साय दिसते. ती मळ नव्हे; नीलहरित शेवाळ, दगडफूल आणि मॉस यांनी मातीचे कण विणून केलेली ती जिवंत साय असते. ती जमिनीला वारा-पाण्यापासून धरून ठेवते, हवेतले नत्र मातीत आणते, आणि खुराखाली चुरडली की परत यायला वर्षे लागतात. ती असेल तर तिचा काही मिलिमीटरचा नमुना स्वतंत्र घ्या, आणि काम झाल्यावर आपल्याच बुटांनी ती तुडवत फिरू नका.

माती ओली-चिंब असताना नमुन्याची पोकळ नळी ठोकली तर माती दाबली जाते. अगदी कोरडी असताना ती नळीतून गळते. हलकी ओल असावी. नळी ३० सेंटिमीटर आत गेली आणि आतल्या मातीचा दांडा २६ सेंटिमीटरच भरला, तर माती नळीत दबली आहे. दर वेळी भोकाची खोली आणि दांड्याची लांबी दोन्ही मोजून लिहा. न लिहिल्यास तुमचा ‘१५ ते ३०’ थर नक्की कुठला होता ते नंतर कोणालाच सांगता येणार नाही.

वजन न घेता केलेला कर्बाचा हिशेब

टक्का म्हणजे साठा नव्हे, हे जितक्या वेळा सांगावे तितके थोडेच. मातीत दीड टक्का कर्ब आहे याचा अर्थ शंभर किलो मातीत दीड किलो. पण एका हेक्टरमध्ये माती किती आहे? त्यासाठी स्थूल घनता लागते, म्हणजे पोकळ्यांसकट एक घन सेंटिमीटर मातीचे कोरडे वजन. पोलादी कडी जमिनीत सरळ बसवायची, माती न सांडता उचलायची, दोन्ही तोंडे सुरीने सपाट करायची, १०५ अंशांवर वजन घटायचे थांबेपर्यंत, साधारण २४ तास, भट्टीत वाळवायची आणि वजनाला कडीच्या आकारमानाने भागायचे. रानातल्या मातीत हा आकडा बहुधा १ ते १.६ च्या दरम्यान येतो.

मग कर्बाचा टक्का, घनता आणि सेंटिमीटरमधली खोली यांचा गुणाकार केला की हेक्टरी टन मिळतात. १.५ गुणिले १.३ गुणिले ३० म्हणजे ५८.५ टन. पण मातीत दगड-गोटे असतील तर? प्रयोगशाळा दोन मिलिमीटरच्या चाळणीखालचीच माती तपासते. वरचे खडे बाजूला पडतात. जमिनीच्या आकारमानाचा ४० टक्के भाग दगडांनी व्यापलेला असेल आणि १.३ ही घनता दगडांमधल्या बारीक मातीची असेल, तर ५८.५ टनांचे ३५.१ टनच उरतात. चाळणीवरचे खडे न मोजता फेकले की २३ टन कर्ब कागदावर जन्माला येतो. दगडाळ माळावरच्या कर्बाचे कोणतेही आकडे समोर आले, की मी आधी खड्यांचा रकाना शोधतो.

खुरांमुळे यात आणखी एक गुंता होतो. जनावराचे सगळे वजन चार लहान खुरांवर असते, आणि चालताना त्यातलेही दोन-तीनच टेकलेले असतात. ओल्या जमिनीत याचा दाब मुख्यतः वरच्या पाच-दहा सेंटिमीटरमध्ये जाणवतो. समजा वरच्या दहा सेंटिमीटरची घनता आधी १.१ होती, तुडवल्यावर १.३ झाली, आणि कर्ब दोन्ही वेळा २ टक्केच राहिला. आधी हेक्टरी २२ टन होते, आता २६. चार टन वाढले? मुळीच नाही. माती दबल्यामुळे त्याच दहा सेंटिमीटरच्या नळीत आता जास्त माती मावते, एवढेच. जमीन बिघडली आणि कागदावर कर्ब वाढला. यावर उपाय म्हणजे सारख्या खोलीऐवजी मातीच्या सारख्या वजनाची तुलना करणे. या उदाहरणात आधीच्या दहा सेंटिमीटरमधली हेक्टरी ११०० टन माती दबल्यानंतर साधारण साडेआठ सेंटिमीटरमध्येच येते. तुलना तेवढ्याशीच करायची. चराई सुधारल्याने कर्ब वाढला असा दावा कोणी केला, तर त्याने तुलना खोलीने केली की वजनाने, हा पहिला प्रश्न विचारा.

प्रयोगशाळेतल्या अहवालात काय वाचायचे

नमुना सावलीत वाळवायचा. भट्टीत तापवला तर पोषक द्रव्यांचे आकडे बदलतात. भट्टी फक्त घनतेच्या नमुन्यासाठी. नायट्रेट तपासायचे असेल तर नमुना लगेच थंड करून नेऊन द्यावा लागतो, कारण पिशवीतही जिवाणूंचे काम चालूच असते. खरे सांगायचे तर रानातल्या नायट्रेटचा आकडा एका पावसात इतका बदलतो की खास कारण नसेल तर तो काढूच नये.

सेंद्रिय कर्बासाठी वॉकली आणि ब्लॅक यांची १९३४ची पद्धत अजून खूप ठिकाणी चालते. पोटॅशियम डायक्रोमेट आणि तीव्र सल्फ्युरिक आम्ल मातीत घालून कर्बाचे ज्वलन घडवायचे आणि किती डायक्रोमेट खर्च झाले ते मोजायचे. यात सगळा कर्ब जळत नाही. सरासरी ७७ टक्के जळतो असे धरून उत्तराला १.३ ने गुणतात. पण हे प्रमाण मातीगणिक बदलते, आणि खारवट जमिनीतले क्लोराइड उत्तर फुगवते. यंत्रात माती हजारएक अंशांपर्यंत जाळून निघालेला कर्बवायू मोजणे ही जास्त भरवशाची पद्धत. तिचा धोका असा की ती चुनखडीतला कर्बही मोजते. कोरड्या रानांत चुनखडी सर्रास असते. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकल्यावर माती फसफसली, तर चुनखडीचा कर्ब वेगळा काढल्याशिवाय आलेला आकडा सेंद्रिय कर्ब म्हणून वापरू नका. पद्धत कोणतीही असो, पहिल्या वर्षी एक आणि पाचव्या वर्षी दुसरी असे करू नका. पद्धत बदलल्याने पडणारा फरक चराईमुळे पडणाऱ्या फरकापेक्षा सहज मोठा असतो.

स्फुरदाचेही तसेच. विम्लधर्मी आणि चुनखडीच्या जमिनीसाठी ऑल्सन, आम्लधर्मीसाठी ब्रे, आणि दोन्हीकडे मेहलिक-३ वापरली जाते. या पद्धतींचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून अहवालावर पद्धतीचे नाव नसेल तर मागून घ्या. सामू (पीएच, म्हणजे आम्ल-विम्लतेचा आकडा) पाण्यात मोजला की कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात, हेही विचारा. द्रावणातला आकडा बहुधा अर्ध्या ते एका अंकाने कमी येतो.

आणि अहवालाच्या शेवटच्या रकान्यात ‘कमी’ असे छापून खताची मात्रा दिलेली असेल, तर थांबा. ‘कमी-मध्यम-भरपूर’ या पायऱ्या पिकांच्या प्रयोगांवरून ठरलेल्या असतात. रानातली मूळची गवते कमी स्फुरदात जगायला सरावलेली असतात. तिथे खत टाकले तर पुष्कळदा फायदा होतो तो वेगाने वाढणाऱ्या उपऱ्या तणांचा, आणि जुनी गवते मागे हटतात. त्या रकान्यामुळे चांगले रान बिघडू शकते, ही मला खरी काळजी वाटते.

दोन ढेकळे, पाण्याचा पेला

जी तपासणी मला सगळ्यात जास्त शिकवते ती रानातच, कोणत्याही यंत्राशिवाय होते. वरच्या थरातून वाटाण्याएवढे, सहा ते आठ मिलिमीटरचे, कोरडे ढेकूळ अलगद उचलायचे, बारीक जाळीच्या चाळणीत ठेवायचे आणि चाळणी पाण्यात सोडायची.

गवताच्या बुडख्याजवळून उचललेले ढेकूळ पाण्यात जाते, त्याच्या अंगातून बुडबुड्यांची एक माळ वर येते, आणि ते तसेच बसून राहते. पाच मिनिटे झाली तरी पाणी स्वच्छ. चाळणी पाच वेळा वर-खाली केली तरी ढेकळाचा बहुतेक भाग शाबूत, आणि कडेला केसासारखी मुळे लोंबताना दिसतात. तिथून चार पावलांवरच्या गुरांच्या वाटेवरचे ढेकूळ पाण्यात सोडले तर पाच सेकंद पुरे होतात. आधी कडा सुटतात, मग मधोमध चीर पडते, आणि सगळे ढासळून तळाशी गाळ होतो. दोन्हींचा पोत तोच, खनिजे तीच. फरक आहे तो कणांना धरून ठेवणाऱ्या मुळांचा, बुरशीच्या धाग्यांचा आणि जिवाणूंच्या चिकट द्रव्यांचा. पहिल्या मातीवर पाऊस पडला की तो मुरतो, दुसरीवर पडला की तिची छिद्रे गाळाने बुजतात आणि पाणी वाहून जाते.

होर्नादा इथल्याच जेफ्री हेरिक आणि सहकाऱ्यांनी २००१ साली याची एक ते सहा अशी श्रेणी ठरवून दिली. पाच सेकंदांत निम्मे ढेकूळ विरघळले तर एक. पाच वेळा बुचकळूनही पाऊण किंवा जास्त उरले तर सहा. अठरा ढेकळांची पेटी घेऊन बसले की अर्ध्या तासात एका जागेचे काम होते. प्रत्येक ढेकूळ झाडोऱ्याखालचे की उघड्या जागेतले हे लिहायला मात्र विसरू नका, कारण खरी माहिती त्या दोन गटांतल्या फरकात असते.

याच्या जोडीला पाणी मुरण्याची तपासणी. पंधरा सेंटिमीटर व्यासाचे कडे जमिनीत थोडे दाबायचे, त्यात साडेचारशे मिलीलिटरच्या आसपास पाणी हळूच ओतायचे, म्हणजे साधारण अडीच सेंटिमीटर पाऊस पडल्यासारखे होते. ते मुरायला लागलेला वेळ मोजायचा. पहिल्यांदा कोरडी माती घाईने पाणी पिते, म्हणून पुन्हा तेवढेच ओतून दुसऱ्या वेळचा आकडा धरायचा.

धीर आणि बरणी

कर्बाचा बदल संथ असतो. रानात हेक्टरी ४० टन कर्ब आहे आणि तो वर्षाला ०.३ टनांनी वाढतो आहे असे धरले, तर पाच वर्षांत दीड टन, म्हणजे चार टक्क्यांच्याही आत. आपली मोजणीच दहा टक्क्यांपर्यंत चुकणारी असेल तर तो बदल दिसणारच नाही. दर वर्षी कर्ब तपासण्यात म्हणूनच पैसा वाया जातो. पाच ते दहा वर्षांनी, जास्त नमुने घेऊन, त्याच महिन्यात, त्याच ठिकाणांच्या काही मीटर आसपास पुन्हा तपासावे. जुन्या भोकातच मात्र नाही. ढेकळांची आणि पाणी मुरण्याची तपासणी दर वर्षी करता येते. चराईतला बदल तिथे लवकर दिसू लागतो.

तपासून उरलेली माती फेकू नये. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्रात १८४३ पासूनचे माती आणि पिकांचे नमुने जपून ठेवले आहेत. १८५६ मध्ये सुरू झालेला तिथला पार्क ग्रास हा गवताळ जमिनीवरचा प्रयोग आजही चालू आहे. नमुने गोळा करताना कोणाच्या ध्यानीमनीही नसलेली प्रदूषके नंतरच्या संशोधकांनी त्या जुन्या बरण्यांतल्या मातीत मोजली. आपल्यालाही एवढे करता येते: चाळलेली, पूर्ण वाळलेली पाव किलो माती घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरायची, एक चिठ्ठी आत आणि एक बाहेर. चिठ्ठी पेन्सिलीने लिहायची, शाई ओलीने पसरते. तिच्यावर तारीख, अक्षांश-रेखांश, थराची खोली, रानाचा कोणता भाग, शेवटचा पाऊस किती दिवसांपूर्वी पडला, आणि त्या दिवशी गुरे रानात होती की नव्हती.